पूर्णाकांठचा सायकल-फेरा

डोंगरदऱ्यांतून वळसा घेऊन पुन्हां निघाल्या जागीं येऊन पोंचणारी वाट आंखणें, हें काम वाटतें तितकें नवें नाहीं. फौजांनीं तें केलें, लमाणांच्या तांड्यांनीं केलें, यात्रेकरूंनीं केलें. अलीकडे सायकलस्वार तेंच करूं लागले आहेत. साधन बदललें, पण प्रश्न तेच राहिले. नदी कोठें उतरावयाची? खिंड कोणती धरावयाची? आणि ऊन चढण्यापूर्वीं पाणी कोठें मिळावयाचें? या प्रश्नांचीं उत्तरें नकाशापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतात, आणि परभणी जिल्ह्यांतील चारठाणा या गांवाहून आंखलेला एक फेरा त्याची चांगली साक्ष देतो.

चारठाणा हें जिंतूर तालुक्यांतील गांव जिंतुराहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आश्रयानें वसलेलें आहे. त्याच्या उत्तरेस पूर्णा, दक्षिणेस दुधना. पुढें दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. या गांवाहून निघून पूर्वेस जिंतूर, तेथून उत्तरेस येलदरीजवळ पूर्णा ओलांडून सेनगांव, मग रिसोड, रिसोडहून पश्चिमेस लोणार, लोणारहून दक्षिणेस पुन्हां पूर्णा ओलांडून मंठा, आणि मंठ्याहून परत चारठाणा, असा हा फेरा आहे. रस्त्यानें तो पावणेदोनशें किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि तेवढ्यांत परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाणा व जालना अशा पांच जिल्ह्यांची भूमि पायांखालून जाते. सह्याद्रीची उंची येथें नाहीं, हें खरें. परंतु उंचीवरून कष्टांचा अंदाज बांधणारा सायकलस्वार या मुलुखांत हमखास फसतो.

याचें कारण जमिनीच्या घडणींत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं या पठारावर लाव्ह्याचे लोंढे एकावर एक पसरले आणि थिजले. त्यांचे थर जवळजवळ आडवे आहेत. पाऊस, वारा आणि नद्या यांनीं ते कोरतांना कठीण थराचा उभा कडा राहिला आणि मऊ थराची सपाटी झाली. युरोपांतील भूशास्त्रज्ञांनीं या दगडाला ‘ट्रॅप’ म्हटलें, तो शब्द मुळांत स्वीडिश भाषेंतील जिन्यावरून आलेला आहे, आणि सायकलवर बसलेल्या मनुष्याला तो शब्द फार लवकर पटतो. येथला चढ एकदम लागतो, श्वास फुलवितो, आणि पायांनीं लय धरावी तोंच संपून जातो. पुढें सपाट माळ, मग दुसरी पायरी. आल्प्स पर्वतांतल्यासारखा तासभर एका चालीनें चढण्याचा प्रकार येथें नाहीं. एका दिवसांत अशा पुष्कळ पायऱ्या चढल्या-उतरल्या म्हणजे मांड्यांना त्यांचा हिशेब बरोबर कळतो.

नकाशावरचें अंतर आणि रस्त्यावरचें अंतर यांतील फरकाची या खोऱ्यानें इतिहासांत एकदां फार मोठी किंमत वसूल केली आहे. 1803 सालच्या सप्टेंबर महिन्यांत आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, शिंदे व भोसले यांच्या फौजांच्या मागावर याच प्रदेशांत होता. 21 सप्टेंबर रोजीं बदनापूर येथें त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सन याची भेट झाली. पुढें डोंगर होते, आणि दोन्ही फौजा एकाच खिंडींतून एका दिवसांत पार होणें शक्य नव्हतें. शिवाय एकच वाट धरली तर शत्रु दुसऱ्या वाटेनें दक्षिणेकडे निसटेल, ही भीति होती. म्हणून वेलस्लीनें पूर्वेच्या बाजूनें, स्टीव्हन्सननें पश्चिमेच्या बाजूनें डोंगराला वळसा घालावा आणि 24 तारखेस दोघांनीं मिळून हल्ला करावा, असा बेत ठरला. कागदावर तो निर्दोष होता. पण 23 तारखेस वेलस्लीला कळलें कीं, शत्रु कित्येक कोस दूर नसून अगदीं जवळ आहे. स्टीव्हन्सन डोंगरापलीकडे. वाट पाहावी कीं लढावें?

तो लढला, आणि तें कसें हें वाट आंखणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें असें आहे. समोर केळणा नदी. वाटाडे शपथेवर सांगत होते कीं, जवळपास उतार नाहीं. वेलस्लीनें पाहिलें कीं, नदीच्या दोन्ही कांठांवर पिंपळगांव आणि वरूड अशीं दोन गांवें समोरासमोर वसलेलीं आहेत. दोन गांवें इतकीं जवळ असतील आणि त्यांच्यांत जाण्यायेण्याची वाट नसेल, हें संभवत नाहीं, असा त्यानें तर्क केला. उतार तेथेंच निघाला. त्या उतारानें त्याची फौज पलीकडे गेली आणि केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत असईची लढाई झाली. तींत इंग्रजांची सरशी झाली खरी, पण लढलेल्या सुमारें साडेचार हजार माणसांपैकीं दीड हजारांवर मेलीं अथवा जखमी झालीं. स्टीव्हन्सनची फौज येऊन पोंचली ती दुसऱ्या दिवशीं. ज्या केळणेनें हा प्रसंग पाहिला ती पुढें पूर्णेलाच मिळते, त्याच पूर्णेला, जी हा सायकल-फेरा खालच्या अंगाला दोनदां ओलांडतो.

त्या फौजेला धान्य कोण पुरवीत होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. तें काम बंजाऱ्यांचें, म्हणजे लमाणांचें. शेंकडों बैलांच्या पाठीवर गोणी लादून त्यांचे तांडे दख्खनभर फिरत. दोन लढणाऱ्या पक्षांपैकीं कोणालाच त्यांना दुखवून चालत नसे. गाडीचा रस्ता आणि लादणीच्या बैलाची वाट यांत मोठा भेद आहे. गाडीला चढ सोसत नाहीं, म्हणून तो रस्ता लांबून वळसा घेतो. लादलेला बैल खिंडींतून सरळ चढतो, पण त्याला मुक्कामाच्या ठिकाणीं चारा आणि पाणी हटकून लागतें. जिंतूर, सेनगांव, रिसोड या भागांत आजहि बंजाऱ्यांचे तांडे जागोजाग आहेत. सायकलस्वार हा गाडीवान कीं लमाण, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर लमाण असेंच द्यावें लागेल. त्याचें ओझें हलकें, चढण्याची तयारी मोठी, आणि पाण्यावांचून मात्र तो एक मजलहि काढूं शकत नाहीं.

अवघड वाट मुद्दाम शोधून तिच्यावर सायकलस्वारांना घालण्याची कल्पना युरोपांतली. 1885 सालीं जॉन केंप स्टार्ली यानें साखळीनें मागचें चाक फिरविणारी सुरक्षित सायकल बाजारांत आणली, 1888 सालीं डनलॉप यानें हवा भरलेली रबरी धांव केली, आणि मग दूरवर जाण्याला कांहीं सुमारच उरला नाहीं. फ्रान्सच्या प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतींत 1910 सालीं पिरेनीज पर्वत प्रथम घालण्यांत आला. ही सूचना आल्फोंस स्टाइनेस या वर्तमानपत्री गृहस्थाची. रस्ता आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो स्वतः तूर्मले नांवाची 2115 मीटर उंचीची खिंड चढूं गेला. बर्फांत मोटार अडली. तो रात्रीं पायीं निघाला, वाट चुकला, पडला, आणि कसाबसा पलीकडच्या गांवीं पोंचला. तेथून त्यानें मालकाला तार केली ती रस्ता उत्तम असल्याची! त्या वर्षीं 21 जुलैला 326 किलोमीटरांच्या मजलेंत स्वारांना ती खिंड चढावी लागली. ऑक्ताव्ह लापीझ तेथें सर्वांच्या आधीं पोंचला, पण त्यालाहि कांहीं चढ सायकल ढकलीत पायींच काढावा लागला. पुढें त्याच दिवशीं त्यानें संयोजकांना उघड उघड मारेकरी ठरविलें, आणि अखेर ती संबंध शर्यत त्यानेंच जिंकली. स्टाइनेसचें धाडस वाखाणण्याजोगें आहे. त्याची तार वाखाणण्याजोगी नाहीं. ज्याच्या सांगण्यावर दुसरे लोक आपला जीव वाटेवर टाकतात, त्यानें वाटेबद्दल खरें तेंच सांगितलें पाहिजे.

या शर्यतीहून निराळा आणि घरसंसारी माणसाला अधिक मानवणारा एक प्रघात इटलींत सुरू झाला. 1897 च्या जून महिन्यांत कांहीं इटालियन स्वार रोमहून निघाले आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुमारें 230 किलोमीटर चालून नेपल्सला पोंचले. ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हें नांव त्यांना तेव्हांपासून लागलें. त्यांत कोणाला हरवावयाचें नसतें, ठरल्या वेळांत पुरें करावयाचें असतें. याच वळणाच्या फेऱ्या आज ‘ब्रेव्हे’ या नांवानें महाराष्ट्रांतील पुण्या-मुंबईसारख्या अनेक शहरांतून निघतात. त्यांचा नियम असा: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत. जेवण, पंक्चर, झाडाखालचा विसांवा, सगळें या वेळांतच. 2015 सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या गटांत पुरी करणारे नाशिकचे महाजन बंधु, आणि 2017 सालीं तीच एकट्यानें पुरी करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ, यांच्यामुळें मराठी घरांतून या छंदाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. पूर्णाकांठचा फेरा 200 किलोमीटरांच्या आंतला असल्यामुळें साडेतेरा तासांचेंच माप त्याला लावून पाहावें. ताशीं सरासरी पंधराहून थोडी कमी चाल त्याला पुरेल, आणि हा आंकडा ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. लोणारच्या अलीकडे तें थांबतें.

आतां वाटेकडे वळूं या. चारठाण्याचें खरें वैभव म्हणजे तेथलीं यादवकालीन देवळें. गांवांत एके काळीं तीनशें साठ देवळें होतीं असें गांवकरी सांगतात. आंकडा परंपरेचा आहे, परंतु गांवांत व आसपास विखुरलेले कोरीव दगड, उभे नक्षीदार स्तंभ आणि गोकुळेश्वरासारखीं शिल्लक राहिलेलीं देवस्थानें पाहिलीं म्हणजे मूळची वस्ती लहान नव्हती हें उघड दिसतें. अशा प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणण्याची महाराष्ट्रांत फार घाई होते. हेमाद्रि हा महादेव यादव व रामचंद्र यादव यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. अंबरनाथचें देऊळ त्याच्या दोनशें वर्षें आधीं, 1060 सालीं, उभें राहिलें आहे. चुन्यावांचून दगडावर दगड बसविण्याची ही रीत एका मंत्र्याच्या डोक्यांतून निघालेली नसून कारागिरांच्या कैक पिढ्यांच्या हातांतली आहे.

देवळापेक्षांहि वाटसरूच्या कामाची गोष्ट म्हणजे देवळाजवळची बारव. पायऱ्यांनीं खोल उतरत जाणारी ही विहीर मराठवाड्याच्या जुन्या गांवांतून पुन्हां पुन्हां भेटते. तिच्यांत पोहरा-दोर लागत नाहीं. थकलेला मनुष्य स्वतः पाण्यापर्यंत उतरून जातो, आणि खालीं उन्हाळ्यांतहि गारवा असतो. काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून वाहतें. तें कोठें सांपडेल याची जाण असल्याशिवाय बारव बांधतां येत नाहीं. तेव्हां जुन्या बारवा एका नकाशावर मांडल्या तर जुनी वाट आपोआप उमटेल, इतका या दोहोंचा संबंध निकट आहे. घरोघर नळ आणि वाटेवर बाटलींतलें पाणी आल्यापासून कित्येक बारवा गाळानें व केरकचऱ्यानें भरून गेल्या. ज्या गांवांनीं त्या उपसून स्वच्छ केल्या त्यांना पाणीहि मिळालें आणि गांवचा इतिहासहि. चारठाण्यासारख्या गांवांत हें काम देवळांच्या जपणुकीइतकेंच निकडीचें आहे. कोसळलेला खांब निदान दगड म्हणून तरी राहतो, बुजलेली बारव मात्र डोळ्यांआड झाली कीं दोन पिढ्यांत विसरली जाते.

जिंतुराजवळ नेमगिरि व चंद्रगिरि या टेकड्या आहेत. नेमगिरीच्या पोटांत जैन लेणीं असून त्यांतील पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ति लहानशा दगडावर टेकून जणूं अधांतरीं राहिलेली आहे. सायकलस्वारानें तेथें थांबूं नये असें कोण म्हणेल? पण थांबल्यास ती घटका साडेतेरा तासांतून वजा होते, एवढें ध्यानांत असावें.

येलदरीला पूर्णा ओलांडावयाची. येथलें धरण 1960 च्या दशकांत झालें आणि नदीचा सारा चेहरा बदलला. खोऱ्याच्या तळाशीं पाण्याचा विस्तार झाला म्हणजे जुने उतार आणि कांठाकांठाच्या पाऊलवाटा पाण्याखालीं जातात. मग वाट धरणाच्या अंगानेंच जाते. नदी ओलांडली कीं चढ सुरू होतो. सेनगांवच्या बाजूला जातांना सायकलस्वार एक मोठी सीमा नकळत ओलांडतो. एका अंगाचें पाणी पूर्णेला, दुसऱ्या अंगाचें कयाधूला. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, आणि ती थेट सिरोंच्याजवळ गोदावरीला येऊन मिळते. हातभर अंतरावर पडलेले पावसाचे दोन थेंब शेंकडों किलोमीटर निरनिराळ्या देशांतून हिंडून तेथें पुन्हां एक होतात.

माणसांनीं ओढलेली सीमा यापुढें लागते. सेनगांवाहून रिसोडास जाणें म्हणजे पूर्वीं मोंगलाईंतून वऱ्हाडांत जाणें होतें. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला आणि 1902 च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें गेला. तेव्हांपासून या फेऱ्यांतील जिंतूर, सेनगांव, मंठा व चारठाणा निजामाकडे, आणि रिसोड व लोणार इंग्रजी अंमलांत राहिले. भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक. पण इकडे हाली शिक्का तर तिकडे कलदार रुपया, आणि मध्यें करोडगिरीचे नाके. 1947-48 सालीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांत सरहद्दीलगतच्या छावण्यांतून कार्यकर्ते याच सीमेची ये-जा जिवावर उदार होऊन करीत होते. तेव्हां पूर्णाखोऱ्यांतील आडवाटांचें ज्ञान हें हौसेचें ज्ञान नव्हतें. 13 सप्टेंबर 1948 रोजीं हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि 17 तारखेस निजाम शरण आला. पुढें 1 नोव्हेंबर 1956 पासून मराठवाडा व विदर्भ एका राज्यांत आले. आज सायकल एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाते तेव्हां कोणी अडवीत नाहीं, कोणी पेटी उघडून पाहत नाहीं. तीस-पस्तीस वर्षांच्या तरुणाला यांत विशेष कांहीं वाटूं नये, हें स्वाभाविकच आहे.

आणखी एक गोष्ट आंखणी करतांना विसरूं नये. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास झाली ती जालना, सेलू, परभणी अशी दुधनेच्या अंगानें गेली. या फेऱ्यावरील एकाहि गांवाला रेल्वेचें स्टेशन नाहीं. त्यामुळें जुन्या रस्त्यांचें महत्त्व टिकलें हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, सायकल मोडली तर रेल्वेनें परतण्याची सोय नाहीं. एस.टी.ची वाट पाहावी अथवा एखाद्या ट्रकवाल्याची विनवणी करावी. म्हणून सुटी ट्यूब, पंप आणि चेनचा एखादा सुटा दुवा बरोबर असल्याशिवाय निघूं नये.

रिसोडहून लोणार हा पश्चिमेचा पट्टा. हिवाळ्यांत या भागांत वारा बहुधा पूर्वेकडून व ईशान्येकडून असतो, म्हणजे पाठीशीं. हाच फेरा उलट दिशेनें घेतला तर तोच वारा, थकलेल्या दुपारीं, छातीवर येईल. चारठाण्याहून आधीं पूर्वेस निघावें असें सुचविण्याचें हें मुख्य कारण.

लोणारचें सरोवर हें काळ्या पाषाणांत उल्कापातानें झालेलें विवर असून त्याचा व्यास सुमारें 1.8 किलोमीटर आहे. ‘ऐन-ए-अकबरी’ ग्रंथांत लोणारचा उल्लेख येतो. 1823 सालीं अलेक्झांडर या इंग्रज अंमलदारानें त्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. आणि तें ज्वालामुखीचें मुख नसून आघाताचा खड्डा आहे याचे सबळ पुरावे 1973 सालीं प्रसिद्ध झाले. 2020 च्या जूनमध्यें त्याचें पाणी गुलाबी झालें तेव्हां देशभर गवगवा झाला, आणि त्याच वर्षीं त्याला रामसर पाणथळीचा मान मिळाला. वाटसरूच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें वेगळेंच. सरोवराचें पाणी इतकें खारट व क्षारयुक्त कीं तोंडांत धरवत नाहीं. आणि त्याच विवराच्या कांठावर धारातीर्थाची गोड्या पाण्याची धार बारमास वाहते. दैत्यसूदनाचें देऊळ, विवराच्या पोटांतलीं देवळें, हा सारा पसारा त्या एका धारेच्या आधारानें वाढला असला पाहिजे. येथें बाटल्या भराव्या, डोक्यावर पाणी घ्यावें. मात्र विवराच्या तळाशीं उतरण्याचा मोह त्या दिवशीं आवरावा. तो चढ पुन्हां चढावा लागतो.

लोणारहून मंठ्याकडे पठार सुटतें आणि रस्ता पूर्णेच्या खोऱ्यांत उतरतो. चढापेक्षां उतारानें अधिक माणसें जायबंदी केलीं आहेत. ब्रेक सतत दाबून न ठेवतां सोडून-सोडून दाबावा, वळणावर मुरमाची बारीक खडी असते तेथें चाक तिरकें करूं नये. पावसाळ्यांत तर हा फेरा मुळींच घेऊं नये. मुख्य रस्ता डांबरी असला तरी त्याच्या कडेला काळी जमीन आहे, आणि एकदां चाक तींत गेलें कीं चिखल मडगार्डांत गच्च बसून चाक फिरेनासें होतें. त्यापुढें सायकल खांद्यावर घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिनेच खरे या वाटेचे.

पहाटे पांचाला चारठाण्याहून निघालेला स्वार साडेतेरा तासांच्या हिशेबानें संध्याकाळीं साडेसहापर्यंत परतला पाहिजे. डिसेंबरांत या बाजूला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे मंठ्याहून चारठाण्याचा शेवटचा टप्पा पाठीवर मावळतें ऊन घेऊन सुरू होतो आणि अंधारांत संपतो; त्याच वेळीं उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाच्या गाड्या रस्त्यावर असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना मागचा दिवा नसतो. आपला पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे मंठ्यालाच लावून पाहावे.